शंभूची लीलाताई

आमच्या वाडीत लीलाताई दिघेइतकं कमी बोलणारं माणूस दुसरं नव्हतं, आणि तिने पाळलेला कुत्रा मात्र जगातल्या झाडून सगळ्यांशी बोलायचा. पोस्टमन येवो, कल्हईवाला येवो, नाहीतर चुकून भलताच पत्ता विचारत कुणी येवो, हा फाटकापर्यंत सामोरा जाणार, 'वूऽऽ वूऽऽ' करून ख्यालीखुशाली विचारणार आणि पाहुणा असल्यासारखा त्याला आत घेऊन येणार. लीलाताई दारात उभी राहून नुसती बघायची. दोघांना शेजारी शेजारी पाहिलं की मला वाटायचं, हिच्या वाटचं बोलणंसुद्धा देवाने यालाच देऊन टाकलंय.

पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. मी लग्न होऊन अंधेरीला आले तेव्हा स्टेशनच्या पूर्वेला थोडं चाललं की भातखाचरं लागायची, त्यापलीकडे म्हशींचे तबेले आणि दगडाच्या खाणी. आमची वाडी म्हणजे चार बिऱ्हाडांची बैठी चाळ, पुढे अंगण आणि अंगणात विहीर. आमच्या शेजारच्या घरात लीलाताई आणि तिचे वडील नाना, अशी दोघंच राहायची. नाना पेन्शनर, देवभोळे, गुडघ्यांनी पार कामातून गेलेले. लीलाताई साकीनाक्याकडे एका परदेशी इंजिनियरिंग कारखान्यात स्टेनो होती. उंच, काटकुळी, चाळिशीच्या उंबरठ्यावरची आणि बिनलग्नाची. त्या काळात असल्या बाईबद्दल लोक जे जे बोलतात ते सगळं वाडीत बोलून झालेलं होतं, आणि तिच्या कानावर जाऊनही तिने ते ऐकलेलं नव्हतं.

मी पहिल्यांदा तिला "लीलाताई, तुम्ही" म्हणाले तेव्हा तिने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा चुकून "तू" गेलं, तर लगेच वळून म्हणाली, "हां कुसुम, बोल." एवढाच आमच्या मैत्रीचा मुहूर्त.

तिची एक सवय होती. कुणी कुणाबद्दल काहीही ठरवायला लागलं की ती शांतपणे विचारायची, "त्याला विचारलं का?" माझ्या सासूबाई मालवणकडच्या, तशा धीट. त्यांनी तिच्यासाठी एक बिजवर शोधून काढला आणि थेट तिच्या दारात जाऊन त्याचं घर, त्याचा पगार, त्याची पहिली बायको, सगळं सांगितलं. लीलाताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाली, "सगळं चांगलं आहे हो, पण मला कुठे विचारलंत?" सासूबाई घरी येऊन त्या पोरीबद्दल म्हणाल्या, "चेडू ग्वाड हा, पण तिखट हा." त्यानंतर तो विषय वाडीत कुणी काढला नाही.

कुत्रा आला तो कारखान्याच्या ट्रकमधून, एका रविवारी सकाळी. लीलाताईचा साहेब स्वीडनचा होता, त्याची कुठेतरी आफ्रिकेत बदली झाली आणि कुत्र्याला तिकडे नेणं शक्य नव्हतं. ऑफिसातले सगळे एकमेकांकडे बघत बसले. ही म्हणाली, "मी नेते."

तो ट्रकमधून उतरला तेव्हा सासूबाई तांदूळ धूत होत्या, त्या तशाच ओल्या हाताने उठून उभ्या राहिल्या. इतकं पांढरं जनावर आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं. शेपूट पाठीवर वळवून ठेवलेली, मानेभोवती सिंहासारखी आयाळ, नाक आणि डोळे काळेभोर. ओठांची टोकं वर वळलेली, त्यामुळे तो सदान्‌कदा हसतोय असं वाटायचं. त्याने अंगणात एक फेरी मारली, विहीर हुंगली आणि मग नेमका माझ्याकडेच आला. मला कुत्र्यांची लहानपणापासून भीती. त्याने दोन्ही पाय माझ्या खांद्यावर टाकले आणि मी अशी किंचाळले की पलीकडच्या तबेल्यातला भैया धावत आला. कुत्र्याने मान वर केली आणि माझ्या सुरात सूर मिसळून गळा काढला.

"ओरडू नकोस गं," लीलाताई म्हणाली, "त्याला वाटतंय तू गातेयस."

नाव नानांनी ठेवलं. खरं म्हणजे त्यांनी कुत्रा घरात नको म्हणून आकाशपाताळ एक केलं होतं. सोवळंओवळं, देवघर, सगळं काढून झालं. मग थकून म्हणाले, "बर्फातून आलाय ना? मग शंभू. आणखी काय?"

साहेबाने जाताना काय काय सांगितलं ते लीलाताईने मला एकदाच सांगितलं, पण ते मी कधी विसरले नाही. हा सॅमॉयेड जातीचा कुत्रा. याचे पूर्वज उत्तरेकडच्या बर्फात माणसांच्या गाड्या ओढायचे आणि त्यांच्याबरोबर तंबूत झोपायचे. त्यामुळे याला एकटं ठेवू नकोस आणि रिकामंही ठेवू नकोस. याचे केस कधी कापू नकोस. आणि मग साहेब म्हणाला होता, मुंबईचा उन्हाळा याला जन्मभर सोसेल असं मी छातीवर हात ठेवून सांगत नाही. नाही सोसत असं दिसलं तर याला थंड मुलखात पाठव. पण ते तुझं तुलाच ओळखावं लागेल. या जातीचे कुत्रे मरायला टेकले तरी हसत असतात.

त्या दिवसापासून लीलाताई त्याच्याकडे बघायला लागली. आपण कुत्र्याकडे बघतो तसं नव्हे. ऑफिसातून आली की पायरीवर बसायची आणि त्याचा श्वास, त्याची जीभ, तो कुठे बसतो, कधी उठतो, पाणी किती पितो, हे बघत राहायची. कौतुक कमी आणि पहारा जास्त. मला आधी ते वेडच वाटलं.

ती ऑफिसला गेली की पहिले काही दिवस त्याने वाडी डोक्यावर घेतली. एकटेपण त्याला सोसायचंच नाही. गळा काढायचा तो असा, की चारही घरांतली भांडी थरथरावीत. नाना वैतागून बाहेर आले आणि त्याच्यावर मात करायची म्हणून मोठ्याने स्तोत्र म्हणायला लागले. तो गप्प. नाना थांबले की पुन्हा सुरू. अखेर नाना दारात खुर्ची टाकून सकाळपासून मोठ्याने वाचत बसायला लागले आणि शंभू त्यांच्या पायावर हनुवटी टेकून ऐकायला लागला. "या कुत्र्यापायी," नाना मला म्हणाले, "सबंध जन्मात झाली नाहीत तेवढी पारायणं झाली. आता वैकुंठात गेलो तर श्रेय कुणाचं ते तिथे विचारतील."

राखण करण्याच्या कामी मात्र तो शून्य. एका दुपारी नाना आत डुलक्या घेत होते आणि मी विहिरीवर धुणं धूत होते. दिघ्यांच्या घरातून एक माणूस हातात पिशवी घेऊन बाहेर पडला. शंभू त्याच्याबरोबर शेपूट हलवत फाटकापर्यंत गेला, तिथे त्या माणसाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो गेला. मी म्हटलं, शंभू सोडायला आला म्हणजे नात्यातला कुणीतरी असणार. संध्याकाळी कळलं की नानांचा चांदीचा पाट आणि पूजेची सगळी भांडी गेली. सासूबाई म्हणाल्या, "इतको मोठो कुत्रो आणि भुंकाक येयना?" लीलाताई म्हणाली, "भुंकतो की. एकटं सोडून गेलं की भुंकतो." आणि हसली. तिला मोठ्याने हसताना मी पाहिलेलं ते पहिल्यांदा.

पहाटे ती त्याला फिरायला न्यायची. म्हणजे तो तिला न्यायचा. साहेबाने दिलेला शंभूचा पट्टा तिने कमरेला बांधलेला, साडी वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट. त्या काळात अंधेरीत बाई अशी रस्त्यावर दिसली तर लोक थांबून बघायचे, आणि त्यात पुढे हे धूड. तबेल्यातला भैया रोज विचारायचा, "बाईजी, सच बोलना, ये भालू है ना?" ती त्याला रोज "हो" म्हणायची. ऊन वर यायच्या आत दोघं परत आलेली असायची. उशीर झाला तर ती अर्ध्या वाटेत पावलं मोठी टाकायची, पण ऊन त्याच्या पाठीवर पडू द्यायची नाही.

मग विंचरणं. हे मी तासन्‌तास बघितलंय. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असायचे, वरचा राठ आणि आतला कापसासारखा. लीलाताई लोखंडी दात्यांची फणी घेऊन बसायची, हाताने केसांचा भांग पाडायची, खालची गुलाबी कातडी दिसली की तेवढीच ओळ विंचरायची आणि मग पुढची. आपण शेतात सरी पाडतो तसं, मानेपासून शेपटीपर्यंत. घाई नाही, कंटाळा नाही. एवढ्या केसांच्या जनावराला वास कसा तो नसायचा. वर्षातून एकदोनदा त्याचा आतला थर सुटायचा, तेव्हा अंगणभर असा कापूस उडायचा की वाटावं, पिंजारी येऊन गेलाय.

तो कापूस तिने फुकट जाऊ दिला नाही. बेचाळीसच्या दिवसांत ती सूत कातायची, तेव्हाची टकळी तिने काढली आणि शंभूचे केस कातायला घेतले. आधी नानांना गळपट्टा झाला. मग माझा थोरला झाला तेव्हा तिने पांढरंशुभ्र टोपडं विणून आणलं. सासूबाईंनी हातात घेतलं, गालाला लावलं, खूश झाल्या आणि मग विचारलं, "लोकर खंयची गो?"

"शंभूची," लीलाताई म्हणाली.

"कुत्र्याच्या केसांचा टोपरा? माझ्या नातवाच्या डोक्यार? शी गो बाय!"

टोपडं आठ दिवस ट्रंकेत पडून राहिलं. मग मुलाला सर्दी झाली आणि काही केल्या हटेना, तेव्हा सासूबाईंनीच ते गुपचूप काढलं आणि त्याला घातलं. पुढे ते टोपडं माझ्या तिन्ही मुलांनी वापरलं, आणि सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, इलायती लोकर आहे.

केस कापण्यावरून मात्र तिला सगळ्यांनी छळलं. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी सांगायचं, "अहो, माणसाला सदरा नकोसा होतो, त्या बिचाऱ्याला कांबळं पांघरून काय ठेवलंय? न्हाव्याला बोलवा, गुळगुळीत करून टाका." आमचे हेही एकदा तिला हेच म्हणाले. तिने ह्यांना बाहेर उन्हात तापलेल्या पत्र्यावर हात ठेवायला लावला, मग आत गारव्यात नेलं आणि घराच्या कौलांकडे बोट दाखवलं. "उन्हाळा आहे म्हणून कौलं काढू का?" ती म्हणाली. वरचा थर उन्हाला अडवतो, आतला थर हवा खेळती ठेवतो, तो काढला तर याची कातडी भाजून निघेल, हे तिने त्यांना नीट समजावलं. हे घरी येऊन म्हणाले, "बाई हुशार आहे खरी."

पण दुखणं आलं ते भलत्याच वाटेने. ती दिवाळी मी कधी विसरणार नाही.

तोवर नानांचा जीव शंभूवर जडला होता, फक्त ते कबूल करत नव्हते. नरकचतुर्दशीला पहाटे लीलाताई विहिरीवर पाणी काढत होती. नानांनी पाट मांडला, त्याच्याभोवती रांगोळी काढली, गरम केलेलं तिळाचं तेल आणि उटणं घेतलं आणि शंभूला बोलावलं. घरातल्या प्रत्येकाला अभ्यंग होतं, मग यालाच का नाही? त्यांनी त्याला स्वतःच्या हाताने, कानापासून शेपटीपर्यंत, मुळाशी जिरेपर्यंत तेल चोळलं. उटणं लावलं, कढत पाणी घातलं, ओवाळलं. शंभू आनंदाने हसत उभा. लीलाताई घागर घेऊन आली आणि दारातच थबकली. मी तिथेच होते. तिचा चेहरा मी पाहिला, पण ती एक शब्द बोलली नाही, कारण नानांचा चेहराही तिला दिसत होता.

तेल आतल्या थरात जाऊन बसलं. वरून पाणी, वरून उटण्याचा लगदा, आणि ऑक्टोबरची उकड. पाडव्यापर्यंत त्याच्या पाठीवर आणि पोटाशी लालभडक ओले चट्टे उठले, त्यातून पाणी सुटायला लागलं. कुणाच्या तरी ओळखीने परळकडून जनावरांचे डॉक्टर आले. ते मुख्यतः घोडे बघायचे. त्यांनी केस बाजूला केले, नाक मुरडलं आणि सांगितलं, "सगळं भादरून टाका. नाहीतर किडे पडतील."

"दुसरा उपाय?" लीलाताईने विचारलं.

"रोज धुवायचं आणि मुळापासून कोरडं करायचं. एक टोकसुद्धा ओलं राहता कामा नये. पण हे तुमच्याने होणार नाही हो."

"होईल," ती म्हणाली.

तिने फक्त चट्ट्यांभोवतीचे केस कातरीने कापले. रिठ्याच्या पाण्याने धुतलं, पंचे संपले, चादरी संपल्या, आणि मग ती भांग पाडून ओळीओळीने वाळवायला बसली. वारा पडलेला होता. मी घरातून विंझणा आणला आणि तिच्याशेजारी बसले. थोड्या वेळाने सासूबाई आल्या, मग समोरच्या काकू, मग कोपऱ्यावरच्या घरातली सून. पाडव्याच्या संध्याकाळी आम्ही चारही घरच्या बायका एका कुत्र्याभोवती गोल करून विंझण्याने वारा घालत बसलो होतो, मध्ये चकल्यांचं ताट, आणि नवरेमंडळी ओवाळून घ्यायला कडेला ताटकळत उभी. शंभू मधोमध उभा, एकेकीकडे वळून हसत होता. त्याला वाटत असणार, हा सण आपलाच.

नाना कोपऱ्यात बसून होते. त्यांनी फराळाला हात लावला नव्हता. लीलाताई उठली, हात पुसले, त्यांच्यापुढे बशी ठेवली आणि म्हणाली, "नाना, तुम्ही त्याला घरचा मानलात. एवढंच झालंय." नानांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. चट्टे बरे व्हायला थंडी उजाडली, पण न्हाव्याचा वस्तरा त्याच्या अंगाला लागला नाही.

त्या थंडीतच तिने गाडा करवून घेतला. शंभू नुसता बसून राहिला की अंगण खणायचा, जास्वंद उपटायचा, फाटकाच्या फळ्या चावायचा. साहेब म्हणाला होता, याला रिकामं ठेवू नकोस. लीलाताईने सुताराकडून बेअरिंगची चाकं लावलेला बुटका गाडा बनवून घेतला आणि स्टेशनवरच्या टांगेवाल्यांचे साज शिवणाऱ्याकडून शंभूच्या मापाचा साज शिवून आणला. छातीवर रुंद पट्टा, गळ्यावर ताण नाही. वाडीत कुजबूज झाली, मुक्या जनावराला बैलासारखं जुंपायला निघाली. पण साज बघताच त्या जनावराने जो नाच केला तो कुजबुजणाऱ्यांनी बघायला हवा होता. आधी पाण्याचे हंडे ओढून झाले. मग एका पहाटे गाड्यावर उशी घातली आणि उशीवर नाना बसले.

नाना दोन वर्षं मारुतीच्या देवळात गेले नव्हते, गुडघ्यांमुळे. त्या दिवशी ते गेले. काळी टोपी, गळ्यात पांढरा गळपट्टा, हातात फुलांची परडी, आणि पुढे तो शुभ्र प्राणी, मान खाली घालून, जमीन रेटत, एका लयीत. बाजूने लीलाताई धावतेय. आमचे हे ओरडले, "नाना, सदेह स्वर्गाला निघालात की काय?" नाना म्हणाले, "आधी मारुती, मग बघू!" मी दारात उभी होते. त्या कुत्र्याला असं मी कधी पाहिलंच नव्हतं. तोंडावरचं ते नेहमीचं हसू गेलं होतं. तो गंभीर झाला होता, एखाद्या कसबी कारागिरासारखा, आणि त्याच्यापुढे आम्ही सगळे उगाच इकडेतिकडे करणारे वाटलो.

लीलाताईनेही ते पाहिलं असणार. कारण त्यानंतर ती जास्तच गप्प झाली.

मे महिना आला की तिची सगळी रजा त्यातच जायची. मोरीची फरशी शंभूसाठी मोकळी, खिडक्यांना ओली गोणपाटं, पाण्याच्या परातीत त्याचे पंजे. तीन उन्हाळे तिने त्याला असे काढून दिले. चौथ्या वर्षीचा उन्हाळा मात्र वेगळा होता. हवा हलेचना, आणि घाम असा की अंगावरचं वस्त्र पिळून काढावं. एका दुपारी ती किंचाळली, "कुसुम!" ती किंचाळू शकते हेच मला माहीत नव्हतं.

शंभू मोरीत आडवा पडला होता. जीभ जांभळी, श्वास भात्यासारखा, डोळे वर गेलेले. आणि तोंड हसतंय. ती त्याच्या पोटावर आणि पंजांवर पाणी मारत होती. "बर्फ," एवढंच म्हणाली. मी बाहेर धावले तर वेसाव्याची कोळीण पारूबाई मासळीची पाटी घेऊन फाटकात येत होती. ती आम्हाला नेहमी म्हावरं द्यायची, आणि मांदेल्यांतली मूठभर शंभूच्या वाटची ठरलेली. मी काही बोलायच्या आत तिने आत डोकावून पाहिलं आणि आख्खी पाटी मोरीत नेऊन त्याच्या अंगावर उपडी केली. बर्फ, बोंबील, मांदेली, सगळं. "माझा म्हावरा नासला तरी चालंल गो बाय," ती म्हणाली, "ह्यो जीव वाचला पायजे." दोघींनी बर्फाचे खडे त्याच्या मांड्यांत, काखांत धरून ठेवले. बऱ्याच वेळाने त्याने एक लांब श्वास घेतला आणि नाकापुढचा बोंबील चाटला. पारूबाई विखुरलेली मासळी पाटीत भरायला लागली. लीलाताई भिंतीला टेकून तशीच राहिली, भिजलेली, मासळीच्या वासाने भरलेली, आणि शंभूचा पंजा तिच्या मुठीत.

त्यानंतर एका संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर बसून तिने मला विचारलं, "कुसुम, मी याला ठेवून घेतलंय ते याच्यासाठी की माझ्यासाठी?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय! याच्यासाठी तू काय काय केलंस ते आम्ही पाहिलंय."

"केलं ते मी केलं गं. त्याला काय हवं होतं?" "त्या दिवशीसुद्धा तो हसत होता. मला ओळखता आलं नसतं. मोरीत जाऊन पाहिलं म्हणून कळलं."

मी तिला खूप समजावलं. म्हटलं, अजून सोय करू, मोठा पंखा घेऊ, नाना याच्याशिवाय राहतील का, तू राहशील का? तिने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सासूबाईंनी आणलेल्या स्थळाचं ऐकलं होतं तसंच. मला कळलं की हिचं ठरलंय.

ऑफिसातल्या नव्या साहेबाच्या ओळखीत कुणाची तरी कुलूकडे सफरचंदांची बाग होती. तिथे हिवाळ्यात कमरेएवढं बर्फ पडतं, आणि बागेत माणसांचा राबता मोठा. बोलणं झालं. जानेवारीत लीलाताई त्याला घेऊन निघाली. नानांनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. आतून स्तोत्र ऐकू यायला लागलं, मोठ्याने. शंभू दाराकडे कान टवकारून उभा राहिला, मग टांगा आला आणि तो उडी मारून टांग्यात बसला. त्याला काय, नवीन माणूस, नवीन घोडा, सगळं झकासच होतं.

ती परत आली तेव्हा आम्ही सगळ्या धास्तावून होतो. सासूबाईंनी पेज करून ठेवली होती, ही जेवायची नाही म्हणून. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळेला, ऑफिसची पर्स घेऊन, इस्त्रीची साडी नेसून बाहेर पडली. मी फाटकाशी गाठलं. विचारायचं कसं तेच समजेना.

तीच बोलायला लागली, आणि इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "अगं, बर्फ दिसल्यावर आधी नाक खुपसलं त्याने. मग लोळला. मग उठून उभा राहिला तो असा, की मलाच ओळखू येईना. त्या बागेतली चार-पाच मुलं आली, त्यांनी शिट्टी मारली, आणि हा निघाला. मी तिथेच उभी. म्हटलं, आता वळेल. कुंपणापर्यंत गेला, नाही वळला. पुढे उतार होता, तिथे तरी थांबेल. नाही गं! एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही!" तिचे डोळे चमकत होते आणि ती हसत होती, पहिला नंबर आलेल्या मुलाच्या आईसारखी.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, चार वर्षं तू त्याच्यासाठी... आणि त्याने एकदाही..."

"जाताना गाडीत सबंध वाटभर मी देवाकडे तेवढंच मागत होते," लीलाताई म्हणाली. "त्याने बघितलं असतं ना कुसुम, तर मी त्याला तसाच परत घेऊन आले असते."

आतून नाना म्हणाले, "लीले, बस चुकेल." ती "निघाले" म्हणाली, पदर खोचला आणि रस्त्याला लागली. इतकी वर्षं ओढ घेणाऱ्याच्या मागून चालल्यामुळे तिला अंग मागे रेलून, टाचा रोवून चालायची सवय लागली होती. त्या सकाळीही ती तशीच चालत होती, मागे रेलून, एकटी, आणि पुढे कुणी नव्हतं.